खटका कोणी दाबायचा?

मुख्य डेटाबेस सर्व्हर पडला, तर काम दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याचा निर्णय यंत्राने घ्यावा की माणसाने? सर्व्हर विकत मिळतात, डेटाच्या प्रती ठेवता येतात, दोन शहरांत दोन डेटा सेंटरं भाड्याने घेता येतात. त्या दुसऱ्या प्रतीवर नेमकं कधी जायचं, हे मात्र ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. खात्यातली शिल्लक, रुग्णालयातला केसपेपर, गाडीचं आरक्षण अशा कितीतरी गोष्टी या एका निर्णयावर अवलंबून असतात. म्हणून संगणकाच्या खोलीबाहेरच्या माणसांनीही तो समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या ओळखीची दोन माणसं या बाबतीत एकमेकांच्या थेट विरुद्ध आहेत. मावशी ठाण्याच्या, एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. भाचा पुण्यात, पेमेंटचं काम करणाऱ्या एका कंपनीत डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा. दोघं भेटले की गाडी इथेच येते. त्यांचं बोलणं मांडतो आहे, मधे मधे माझंही मत येईल.

भाचा : मावशी, रात्री पावणेतीनला प्रायमरी, म्हणजे मुख्य सर्व्हर, गेला तर मी कोणालाही उठवत नाही. पोस्टग्रेस डेटाबेसचे तीन नोड आहेत, त्यांच्यावर लक्ष ठेवायला पॅट्रोनी बसवलंय. जो लीडर असेल त्याने दर काही सेकंदांनी हजेरी लावायची. ३० सेकंद हजेरी लागली नाही की त्याचं लीडरपद गेलं. उरलेल्यांतला एक पुढे येतो, ॲप्लिकेशन त्याला जोडलं जातं. सकाळी चहा घेताना मी लॉग वाचतो.

मावशी : आणि लीडर मेलाच नसेल तर? नुसती जोडणी तुटली असेल आणि तो आपल्या कोपऱ्यात व्यवहार घेतच बसला असेल?

भाचा : म्हणून तर तीन. ज्याच्या बाजूला बहुमत नाही त्याने आपणहून खाली उतरायचं, लिहिणं बंद करायचं. शिवाय जो नोड फार मागे पडलाय त्याला लीडर करायचंच नाही. ती मर्यादा मुळात १ एमबीची असते. त्याहून जास्त नोंदींचा लॉग यायचा राहिला असेल तर तो नोड उमेदवारच नाही.

मावशी : एका इमारतीत मला हे सगळं मान्य आहे. एक सर्व्हर जळला, शेजारच्या रॅकमधल्याने काम उचललं, यात माणसाने कडमडायची गरज नाही. तेच यंत्र तू दोन शहरांच्या मधे बसवतोस, तिथून माझं भांडण सुरू होतं. गिटहबचं काय झालं ते तूच मला सांगितलं होतंस.

ही घटना जरा नीट पाहायला हवी. २१ ऑक्टोबर २०१८ ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, प्रोग्रामरांचा कोड साठवून ठेवणाऱ्या गिटहबचे लोक नेटवर्कचं एक बिघडत चाललेलं ऑप्टिकल उपकरण बदलत होते. त्या कामात पूर्वेच्या मुख्य डेटा सेंटरची जोडणी ४३ सेकंद तुटली. मायएसक्यूएलच्या प्रायमरींवर लक्ष ठेवणाऱ्या ऑर्केस्ट्रेटर या प्रणालीने तेवढ्यात बहुमत जमवलं आणि प्रायमरीपद पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्व्हरांना देऊन टाकलं. जोडणी परत आली तेव्हा पूर्वेकडे शेवटच्या काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेला तोवर नव्या नोंदी पडायला लागल्या होत्या. दोन्ही बाजू अपुऱ्या, दोन्ही बाजू खऱ्या. मागे फिरायची वाट बंद झाली. त्यातच ॲप्लिकेशन पूर्वेला आणि डेटाबेस पश्चिमेला, म्हणजे प्रत्येक क्वेरीने अख्खा देश ओलांडायचा. वेळ गेला तरी चालेल पण लोकांचा डेटा जाता कामा नये, असं गिटहबने ठरवलं. बॅकअपवरून प्रती पुन्हा उभ्या केल्या, त्यांना मागचं सगळं गाठू दिलं, मग काम पूर्वेला परत आणलं. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

भाचा : पण यात यंत्र चुकलं नाही, मावशी. बहुमत खरं होतं. त्याला सांगितलं होतं तेच त्याने केलं.

मावशी : तेच म्हणते मी. ४३ सेकंद कोणी थांबलं असतं तर काहीच करावं लागलं नसतं. केबल हलली की सर्व्हर मेला हे यंत्राला कळत नाही, त्याला फक्त उत्तर आलं नाही एवढंच कळतं. माणूस निदान फोन लावून विचारतो, तिथे कोणी काही काढलंय का रे?

गिटहबने नंतर ऑर्केस्ट्रेटरच्या सेटिंग बदलल्या: प्रायमरीपद एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात आपोआप जाऊ द्यायचं नाही. मावशींचा मुद्दा त्यांनी एक दिवस भोगून मान्य केला असं म्हणता येईल. पण भाच्याकडे याच्या नेमकं उलटं उदाहरण आहे, आणि ते मुंबईतलंच आहे.

भाचा : आता माणसांचं ऐक. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. राष्ट्रीय शेअर बाजार, वांद्रे-कुर्ला संकुल. ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले ते पावणेचारला सुरू झाले. चेन्नईत पर्यायी केंद्र उभं होतं. तिथे काम नेलंच नाही. चार तास! बाजारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीलाही विचारावं लागलं की चेन्नईला का गेला नाहीत. तिथे तर फोन लावायला माणसंच माणसं होती.

मावशी : त्या दिवशी आधी कोण पडलं ते सांग ना. यंत्रच पडलं.

दोघांचंही खरं आहे. बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार मुख्य केंद्र आणि प्रत ठेवणारं जवळचं केंद्र यांच्यामधे दोन दूरसंचार कंपन्यांच्या अनेक जोडण्या होत्या. रस्त्यांवरच्या खोदकामामुळे दोघींच्याही जोडण्या डळमळल्या. वास्तविक जवळच्या केंद्राशी संपर्क तुटला तर मुख्य केंद्राने एकट्याने काम चालू ठेवायचं, अशी रचना होती. झालं उलटंच. मुख्य केंद्रातली साठवण यंत्रणा, म्हणजे सॅन, स्वतःच्याच सर्व्हरांना दिसेनाशी झाली. त्याबरोबर जोखीम नियंत्रणाची यंत्रणा गेली, आणि ती नसताना बाजार चालवणं शक्य नव्हतं. एकही नोंद हरवू नये म्हणून जी प्रत ठेवली होती, तिच्या जोडणीनेच मूळ खाली आणलं. दुसरी प्रत ठेवली की धोका कमी होतो, असं आपण गृहीत धरतो. पण त्या प्रतीपर्यंतची वाट हा यंत्रणेचा नवा अवयव असतो आणि तोही बिघडतो. उपलब्धतेचा आराखडा काढणाऱ्या प्रत्येकाने ही घटना वाचायला हवी.

चेन्नईला का गेले नाहीत याबद्दल मावशींनी बाजाराविषयी काही बोलायचं नाकारलं. त्या आपल्या बँकेचं बोलल्या.

मावशी : आमची डीआर ड्रिल, म्हणजे संकटाची रंगीत तालीम, रविवारी व्हायची. शाखा बंद. आम्ही तिकडच्या सर्व्हरवर लॉगिन करायचो, एक शिल्लक अहवाल काढायचो, फाइलला लावायचो, सह्या घ्यायचो. झाली ड्रिल. पुढे एकदा साहेबांनी हट्ट धरला की कामाच्या दिवशी दोन शाखा तिकडून चालवा. तेव्हा कळलं की एटीएमचा स्विच फक्त मुख्य सर्व्हरचाच पत्ता ओळखतो. पासबुक छापायचा प्रोग्राम तिकडे जुन्या आवृत्तीचा. चेक क्लिअरिंगची फाइल ज्या फोल्डरमधे पडते तो फोल्डरच तिकडे नाही. डेटाबेस मात्र अगदी ठणठणीत, शेवटच्या नोंदीपर्यंत जुळलेला. मला सांग, असं दुसरं केंद्र हाताशी असताना खरी वेळ आली तर कोणता अधिकारी खटका दाबेल?

भाचा : म्हणजे माणूस कचरतो हे तू कबूल करतेस.

मावशी : कचरतो, कारण त्याला ठाऊक असतं की पलीकडे काय वाढून ठेवलंय ते कोणीच पाहिलेलं नाही. त्याला भित्रा म्हणू नकोस.

इथे मी पूर्णपणे मावशींच्या बाजूने आहे. निर्णयाला उशीर होतो त्याचं कारण बहुतेक वेळा निर्णय घेणाऱ्याच्या स्वभावात नसतं. दुसरं केंद्र त्याच्या रोजच्या सवयीतलं नसतं. शेअर बाजार बंद पडला त्याच वर्षीच्या मार्चमधे सेबीने परिपत्रक काढलं: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत ते संकट असल्याचं जाहीर करायचं, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत काम पुन्हा सुरू करायचं, गरज पडली तर पर्यायी केंद्रातून. डेटा जास्तीत जास्त १५ मिनिटांचा जावा, ही मर्यादाही आहे. माणसाच्या हातातून निर्णय काढला नाही, त्याच्या हाताला घड्याळ बांधलं. पुढे २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजार मुद्दाम उघडला. पहिलं सत्र मुख्य केंद्रातून, दुसरं पर्यायी केंद्रातून, दोन्हीत खरे सौदे, खरे पैसे. मावशींच्या साहेबांनी धरलेला हट्ट तो हाच.

भाचा : ठीक. पण अंतराचं काय करशील? तुला एकही नोंद जायला नकोय. मग प्रत्येक कमिट, म्हणजे पक्की केलेली नोंद, दोन्हीकडे पोचल्याशिवाय ग्राहकाला ‘झालं’ म्हणता येणार नाही. फायबरमधे प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या वर. जाऊन यायलाच १० मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत कधीच नसते. एका कमिटला ते चालेल. डे-एंडला लाखो खात्यांवर व्याज पोस्ट करताना तेच कमिट एकामागून एक रांगेत उभे राहतात.

मावशी : म्हणून जवळचं केंद्र.

भाचा : आणि जवळचं केंद्र त्याच पुरात बुडतं.

हा टोला नेमका बसला, कारण २६ जुलै २००५ ठाण्यात आणि मुंबईत राहिलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. शेअर बाजाराचं वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीच्याच काठचं. म्हणूनच शेअर बाजारांना सेबी दोन्ही गोष्टी करायला लावते: एकही नोंद जाऊ नये म्हणून जवळचं केंद्र, आणि मोठ्या संकटासाठी लांबचं, ते शक्यतो वेगळ्या भूकंप क्षेत्रात, ते जमत नसेल तर निदान ५०० किलोमीटरवर. जवळच्या प्रतीला प्रत्येक नोंद लगेच, लांबच्या प्रतीला जराशी मागून. ज्याला परवडतं त्याच्यासाठी ही मांडणी चांगली आहे, तिच्यावर दोघांचंही भांडण नाही. भांडण आहे ते एका सेटिंगवर.

मावशी : जवळच्या केंद्राची जोडणी तुटली. आता मुख्य सर्व्हरने काय करायचं? पुढे चालायचं की थांबायचं?

भाचा : ओरॅकलच्या डेटा गार्डमधे दोन्ही सोयी आहेत. सगळ्यात कडक संरक्षणाचा मोड घेतलास तर पलीकडून पोच आली नाही की प्रायमरी स्वतःला बंद करून घेतो. त्याच्या खालचा घेतलास तर तो एकट्याने पुढे चालतो, जोडणी आली की पलीकडची प्रत भरून काढतो. पोस्टग्रेसमधे सिंक्रोनस स्टँडबाय, म्हणजे पोच देणारा दुसरा सर्व्हर, एकच नेमला असेल आणि तो गेला, तर कमिट तिथेच अडकून राहतात, कोणी सेटिंग बदलेपर्यंत.

मावशी : तुमच्याकडे हे कोणी ठरवलं?

भाचा : मी यायच्या आधीपासून तसंच आहे.

मावशी : बघ. मगाशी तू म्हणालास, यंत्र ठरवतं. यंत्र काही ठरवत नाही. नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाने कधीतरी एक ओळ लिहिली, ती रात्री पावणेतीनला तुमच्या वतीने निर्णय घेते. काम थांबवायचं की नोंद जाऊ द्यायची हा धंद्याचा प्रश्न आहे, आणि तुमच्या संचालकांना तो विचारला गेलाय हेही माहीत नाही.

भाचा यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की ही ओळ तो सोमवारी बैठकीत मांडणार. मला वाटतं, या सगळ्या वादातली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच. ज्या कचेऱ्यांमधे ‘आमच्याकडे सगळं ऑटोमॅटिक आहे’ असं सांगतात, तिथे विचारायचा प्रश्न एवढाच, की जोडणी तुटल्यावर थांबायचं की चालायचं, आणि ते कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने ठरलं?

पुढचा मुद्दा मावशींनी आपणहून काढला.

मावशी : आणि तुमचे ते तीन नोड. कोणी चुकून टेबल उडवलं तर?

भाचा : तिन्हीकडून उडणार. काही मिलिसेकंदांत.

रेप्लिका, म्हणजे सतत जुळत राहणारी प्रत, आणि बॅकअप यांतला फरक कळायला गिटहबसारख्याच गिटलॅबची घटना पुरेशी आहे. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरा तिथला दुय्यम डेटाबेस मागे पडला होता. तो नव्याने जोडण्यासाठी त्याची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची होती. इंजिनीअरने कमांड दिली ती प्रायमरीवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, तोवर सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप होतच नव्हता: डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंप काढणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे तो दर वेळी अपयशी ठरत होता. अपयश कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. शेवटी कामी आला तो कोणीतरी सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने काढलेला स्नॅपशॉट. सुमारे सहा तासांचा डेटा गेला, सेवा अठरा तास बंद राहिली. गिटलॅबने हे सगळं लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना ती लोकांना थेट दाखवली. त्या प्रामाणिकपणामुळेच आज आपण त्यातून शिकू शकतो.

भाचा : यावर माझ्याकडे दोन उपाय आहेत. एक, लॉगचा प्रत्येक तुकडा वेगळ्या जागी साठवायचा, म्हणजे ‘दुपारी २ वाजून ११ मिनिटांपर्यंतचं दे’ म्हटलं की तेवढंच उभं करता येतं. दुसरा, एक रेप्लिका मुद्दाम तासभर मागे ठेवायची. चूक तिथे पोचायच्या आत तिला थांबवायचं.

मावशी : आणि तिसरा माझा. महिन्यातून एकदा तो बॅकअप कोऱ्या सर्व्हरवर उभा करायचा आणि खातेवहीची बेरीज मूळ आकड्याशी जुळवायची. आम्ही टेपवरून करत होतो. टेप तिजोरीत असायची, तिला कोणतीही केबल जोडलेली नसायची. रॅन्समवेअर आलं तरी तिजोरीत शिरणार कसं?

टेपच हवी असं नाही, पण मुख्य यंत्रणेचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याला पुसता येणार नाही अशी एक प्रत हवीच, आणि ती वेगळ्या इमारतीत. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायच्या जी-ड्राइव्ह यंत्रणेतला ८५८ टेराबाइट डेटा त्यात गेला. आकार एवढा मोठा, की त्याचा बाहेर बॅकअप ठेवलेला नव्हता.

खर्चाबद्दल थोडक्यात. ९९.९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षात जेमतेम ५२ मिनिटं बंद. तीस शाखांच्या बँकेला तेवढं खरंच हवं आहे का, हे आधी पाहावं. एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्या लहान संस्थेला लॉग शिपिंग पुरतं: दर पंधरा मिनिटांनी लॉगचा बॅकअप दुसरीकडे नेऊन चढवायचा. जुना, स्वस्त आणि कोणालाही समजणारा मार्ग. भाचा त्याला मागासलेला म्हणतो. वाचलेल्या पैशांतून खरी ड्रिल होणार असेल तर मी लॉग शिपिंग घेईन.

शेवटी बोलणं आलं ते लांबच्या केंद्रात गेल्यावर जे हरवतं त्यावर, आणि इथे दोघं पहिल्यांदा एका बाजूला बसून हिशेब करू लागले.

भाचा : समज एखाद्या बँकेच्या तीन मिनिटांच्या नोंदी पलीकडे पोचल्याच नाहीत. त्या आणायच्या कुठून?

मावशी : एटीएमने पैसे दिले असतील तर त्याच्या जर्नलमधे नोंद असते. तिथे पाच हजार दिल्याचं दिसेल, आपल्या खात्यात डेबिट नसेल. ते हाताने टाकायचं. यूपीआयचं असेल तर ते चालवणाऱ्या एनपीसीआयच्या फाइलशी जुळवायचं. काउंटरवरचं असेल तर स्लिप आहे, कॅशिअरची बेरीज आहे.

भाचा : आणि आपल्याच बँकेच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, मोबाइल ॲपवरून?

मावशी : तो खरा घातकी व्यवहार. त्याला बाहेरचा साक्षीदारच नसतो. ग्राहकाच्या फोनवर ‘यशस्वी’ आलेलं असतं आणि आपल्याकडे काहीच नसतं.

भाचा : म्हणजे ॲपकडून आलेली प्रत्येक विनंती डेटाबेसला देण्याआधीच दुसऱ्या शहरात लिहून ठेवायची. आमच्याकडे अशा विनंत्या साठवणारं काफ्का आहे, त्याची एक प्रत तिकडे पाठवता येईल. पण तीही काही क्षण मागे असणारच. आणि तोवर ते पैसे समोरच्याने काढले असतील तर?

मावशी : ते नुकसान बँकेचं, खातेदाराचं नाही. एका मिनिटात आपल्याकडे असे व्यवहार किती रुपयांचे होतात ते काढ, त्याला मिनिटांनी गुण आणि तो आकडा संचालक मंडळापुढे ठेव. इतक्या रुपयांपर्यंतचा धोका आम्हाला मान्य आहे, असं त्यांनी लिहून सही करावी. मग रात्रपाळीच्या पोराला लांबच्या केंद्रात जायला कोणाचा फोन लागायची वाट बघावी लागणार नाही.

भाचा : आणि तो आकडा मिळाला तर तोच मी सेटिंगमधेही घालू शकतो. तेवढ्याच्या आत असेल तर यंत्राने जावं, बाहेर असेल तर माणसाला उठवावं.

मावशी : घाल. आधी त्या केंद्रातून बँक एक अख्खा कामाचा आठवडा चालवून दाखव.